टेकडीच्या पोटातली राजधानी

दोन रुपयांचं नाणं दोन्ही बाजूंनी ओढून जरा लांबट केलं तर जेवढं होईल, तेवढाच तो मातीचा तुकडा आहे. लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन ६.४० ग्रॅम. त्यावर एक शंख उमटलेला आणि ब्राह्मी अक्षरांत एक नाव: प्रभावतीगुप्ता. नागपूरहून रामटेक गाठलं की तिथून सात-आठ किलोमीटरवर नगरधन लागतं. राज्याचं पुरातत्त्व खातं आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ या काळात त्या गावात जे खोदकाम केलं, त्यात हा तुकडा वर आला. सोळाशे वर्षं तो मातीखाली होता, वर धान, तूर नि गावकऱ्यांची घरं.

असा तुकडा तयार कसा होतो, ते आधी सांगायला हवं. पत्र किंवा एखादं गाठोडं दोऱ्यानं बांधायचं, गाठीवर ओल्या मातीचा गोळा चिकटवायचा आणि तो ओला असतानाच त्यावर मुद्रा दाबायची. आपण लाखेचं सील करतो, तसंच. माती वाळली की गाठ पक्की झाली. नंतर ज्याला अधिकार असेल तो सील फोडतो, आतला मजकूर वाचतो आणि मातीचा ठोकळा फेकून देतो. म्हणजे हा ठोकळा ज्या दिवशी जमिनीवर पडला, त्या दिवशी तो कचरा होता. कधीतरी कुणीतरी नगरधनमध्ये राणीच्या नावाचं सील हातात धरलं होतं, एवढं मात्र त्या कचऱ्यानं आपल्यापर्यंत आणून पोचवलं.

ही राणी मगधाच्या सम्राटाची, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. आई कुबेरनागा, नागकुळातली. लग्न होऊन ती विदर्भात वाकाटकांच्या घरी आली. नवरा दुसरा रुद्रसेन. तो लवकर गेला, मुलं लहान, आणि राज्याचा सगळा कारभार तिच्या अंगावर पडला. चौथं शतक संपून पाचवं सुरू होत होतं त्या सुमारास आजचा पूर्व विदर्भ आणि आसपासचा मुलूख एक बाई चालवत होती, आणि तिची राजधानी होती नंदिवर्धन. नंदिवर्धन म्हणजेच आपलं नगरधन. नावाचे कोपरे बोलून बोलून झिजले, एवढंच.

सुमारे सव्वाशे वर्षं आधी, तिकडे सीरियाच्या वाळवंटात पालमायरा शहरात हुबेहूब असाच प्रसंग घडला होता. राजा मारला गेला, मुलगा लहान आणि झेनोबिया राणीनं राज्य हाती घेतलं. इ. स. २७२ मध्ये रोमच्या ऑरेलियन बादशहानं तिचा पाडाव केला. झेनोबियाच्या शहरातले खांबांचे रस्ते सतराशे वर्षं उभे राहिले. २०१५ मध्ये दहशतवाद्यांनी तिथलं मोठं देऊळ उडवलं, तेव्हा सगळं जग हळहळलं. प्रभावतीगुप्तेचं शहर असं कुणाला बघायला मिळालंच नाही. ते कधीच जमिनीत विरून गेलं होतं.

भग्नावशेष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते दगडाचं चित्र. इंग्लंडमध्ये यॉर्कशरात फाउंटन्स नावाचा जुना मठ आहे, ११३२ साली स्थापलेला. आठव्या हेन्री राजानं देशभरातले मठ बंद केले त्यात हाही १५३९ मध्ये गेला. छताचं शिसं काढून नेलं, पुढे त्याच्याच दगडांतून शेजारी एक हवेली बांधली गेली. तरीही उंच कमानी उभ्या आहेत, मधून आभाळ दिसतं आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. आपल्याकडे पूर्व विदर्भात पाचव्या शतकातली नगरं बांधली गेली ती बहुतेक विटांत, मातीत आणि लाकडात. वीट पडते, मातीला मिळते आणि मग तिची टेकडी होते. पावसाळ्यात तिच्यावर गवत येतं, बकऱ्या चढतात, आणि दोन-तीन पिढ्यांत कुणी तिला नगर म्हणेनासं होतं.

मराठी माणसाजवळ अशा जागांसाठी एक जुना शब्द आहे, आणि तो मला फार आवडतो: पांढरी. गावाची जमीन दोन तऱ्हेची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. वस्तीची माती पांढुरकी का होते? शेकडो वर्षं तिथे चुली पेटतात, राख पडते, भिंतींची माती पावसानं ओघळते, शेण, हाडं, भुसा, फुटकी खापरं सगळं तिथल्या तिथे जिरतं. पडलेल्या घरावरच नवं घर उठतं आणि पायाखालची जमीन पिढ्यान्‌पिढ्या इंच-इंच वर चढत जाते. विदर्भाच्या काळ्याभोर जमिनीत असा एखादा राखाडी उंचवटा दिसला की जुना शेतकरी ओळखतो, इथे कधीतरी गाव होतं. ही माती सकस असते, म्हणून लोक गाड्या भरभरून ती शेतात खत म्हणून टाकत आले. शेताला त्याचा फायदा झाला, इतिहासाला तोटा. सातवाहनांच्या किती खापरांवर ज्वारी वाढली असेल, देव जाणे.

दुसरा शब्द आपल्या महसुली कागदांत सापडतो: रिठी. नागपूर जिल्ह्याच्या गावांच्या यादीत काही नावांपुढे कंसात 'रिठी' लिहिलेलं असतं, म्हणजे गावाची शीव आहे, सातबारे आहेत, पण राहायला कुणी नाही. ओसाड गाव. गाव उठून गेलं तरी कागदावर नाव टिकवायची आपली सवय किती जुनी आहे, हे पुढे येईलच.

मनसरला जायचं तर जबलपूरचा रस्ता धरायचा. रामटेकचा फाटा जिथे फुटतो, तेच मनसर. आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव ठाऊक असतं ते मँगनीजच्या खाणींमुळे. तलावाकाठी जी टेकडी आहे तिला लोक हिडिंबा टेकडी म्हणत आले. एवढा मोठा ढिगारा माणसाच्या हातून झाला असेल हे मनाला पटेना, म्हणून भीमाच्या राक्षसीण बायकोचं नाव त्याला मिळालं. ज्याचा बांधणारा आठवत नाही ते आपण पांडवांच्या नावावर टाकतो; महाराष्ट्रभर ही चाल आहे.

१९९७-९८ पासून तिथे नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेतर्फे जगत पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी खोदायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षं काम चाललं. वरची माती निघत गेली आणि टेकडीच्या पोटातून विटांची भव्य वास्तू वर आली. कोनाकोनांनी आत-बाहेर होणाऱ्या भिंती, वर जाणाऱ्या पायऱ्या, चुन्याचा गिलावा. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते तिच्या आतल्या रचनेनं. एवढी उंची नुसत्या विटांनी गाठायची तर लाखो विटा ओताव्या लागतील, आणि नुसती माती टाकली तर एका मोठ्या पावसात ती घसरून येईल. तिथल्या कारागिरांनी मधला मार्ग काढला. विटांचे चौकोनी कप्पे बांधायचे, मधमाशीच्या पोळ्यासारखे एकाला लागून एक, आणि प्रत्येक कप्पा मातीनं गच्च भरायचा. वीट मातीला धरून ठेवते, माती विटेला आधार देते, आणि वरच्या देवळाचं वजन सगळ्या कप्प्यांत वाटलं जातं. सोळाशे पावसाळे त्या कप्प्यांनी झेलले.

याच टेकडीच्या पोटात, बांधकामाच्या तळाशी, माती आणि चुन्यात घडवलेली एक भली मोठी पुरुषाकृती निघाली. दगडात कोरलेली नव्हे, चिखलाला आकार देऊन आडवी निजवलेली आणि वरून कायमची झाकून टाकलेली. कुणी तिला वास्तुपुरुष म्हणतं, कुणी यज्ञातल्या बळीचं प्रतीक. डोळ्यांनी बघण्यासाठी ती घडवलीच नव्हती, हे तर उघड आहे. घडवणाऱ्या चार-दोन माणसांशिवाय तिचं तोंड कुणी बघितलंही नसेल, आणि तरी तिला हातपाय दिले, अंग दिलं. मला वाटतं, बांधणाऱ्यांच्या मनात काय होतं याची यापेक्षा जिवंत खूण दुसरी मिळायची नाही.

मातीच्या मुद्रा तिथेही निघाल्या. त्यांवर प्रवरेश्वराचं नाव होतं. प्रवरेश्वर हे शंकराचं रूप, आणि त्याला नाव मिळालं ते दुसऱ्या प्रवरसेनावरून. हा प्रभावतीगुप्तेचा मुलगा. त्यानं नंदिवर्धनाहून राजधानी हलवली आणि नव्या नगराला नाव दिलं प्रवरपूर. हे प्रवरपूर कुठलं, यावर विद्वानांचा वाद बराच काळ चालला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी वर्ध्याजवळच्या पवनारकडे बोट दाखवत. पुढे अजय मित्र शास्त्री यांनी मनसरचं नाव घेतलं आणि मुद्रांनी ते पारडं जड केलं. हिडिंबा टेकडीवर मूळ देऊळ की स्तूप, हाही वाद झाला; उत्खनन करणाऱ्यांना खालच्या थरांत बौद्ध खुणा दिसल्या, तर वाकाटककाळातली वास्तू शैव असं हान्स बाकर यांच्यासारखे अभ्यासक मांडतात. एका टेकडीत दोन्ही असण्यात मला तरी काही नवल वाटत नाही. विदर्भातल्या देवस्थानांचे थर असेच एकावर एक चढत आले आहेत. भंडारा जिल्ह्यात पवनीला जगन्नाथाचं देऊळ ज्या टेकाडावर आहे, ते टेकाडच बौद्ध स्तूप निघाला, आकारानं सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. १९६९-७० मध्ये तो उघडला. तोवर भाविक शतकानुशतकं त्याच्यावर चढून देवाला हात जोडत होते.

मनसरचीच एक शिवमूर्ती १९७२ मध्ये सापडली. लाल वालुकाश्म, गुबगुबीत अंग, भरल्या घरातल्या यजमानासारखं ऐसपैस बसणं. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिल्लीला गेलात तर आपल्या गावच्या माणसाला भेटायला जातो तसं तिला भेटून या.

हा प्रवरसेन नुसता राजा नव्हता. सेतूवर रचलेलं महाकाव्य, 'सेतुबंध', त्याच्या नावावर आहे आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे. म्हणजे ज्या भाषेतून आपली मराठी घडत आली, त्या भाषेतलं एक मोठं काव्य मनसरच्या आसपास कुठेतरी लिहिलं गेलं असण्याचा संभव आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पुष्कळ जुनी नावं पुढे आली. या गावाचं नाव मात्र त्यात फारसं कुणी घेतलं नाही, आणि ते घ्यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. अजिंठ्याचं देणंही याच घराण्याचं, फक्त वाशीमच्या शाखेचं. अजिंठ्यातलं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं करवलं. अजिंठ्याला आपण सहली काढतो. ज्यांनी अजिंठा कोरवला त्यांच्या घराण्याच्या अंगणातून मात्र जबलपूरच्या बसमधून डुलक्या घेत निघून जातो.

आता पुन्हा राणीकडे. तिचं शहर गेलं, पण तिचा कागद राहिला. कागद म्हणजे तांब्याचे पत्रे. पुण्यात एका तांबट कुटुंबाजवळ ताम्रपटाचे दोन पत्रे सापडले. तांबं वितळवून भांडी करणाऱ्यांच्या घरात हे शाबूत राहिले, हाच एक चमत्कार. ते पत्रे नंदिवर्धनाहून दिले गेले होते, दान देणारी प्रभावतीगुप्ता, वर्ष तिच्या मुलाचं, युवराज दिवाकरसेनाचं, तेरावं. कार्तिक शुद्ध द्वादशीला तिनं एका आचार्याला दंगुण नावाचं गाव दिलं. गाव कुठलं हे कळावं म्हणून चारी बाजूंची गावं लिहिली आहेत: विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला. आपलं खरेदीखत उघडा. चतुःसीमा तशीच असते. मिराशींनी या नावांचा माग काढत दंगुण हिंगणघाटाशी जुळवलं. दगडी महाल नाही, पण हद्दीवरची गावं सोळाशे वर्षं नावानं हजर.

या ताम्रपटात राणी आपला वंश सांगायला सुरुवात करते ती सासरापासून नव्हे. आधी गुप्तांची वंशावळ, मग स्वतःचं गोत्र धारण. हे तिच्या वडिलांचं गोत्र. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. लग्नानंतर बाईचं गोत्र बदलतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि इथे विदर्भाची राणी सरकारी दस्तऐवजात माहेरचं गोत्र लावते आहे. अक्षरं ठोकणाऱ्यानं छिन्नीनं ते तसंच उतरवलं आहे.

वाकाटकांच्या दानपत्रांत सवलतींची जी यादी येते, ती वाचताना त्या काळचं खेडं डोळ्यांपुढे उभं राहतं. दान दिलेल्या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावानं त्यांना गाय-बैल पुरवायचे नाहीत. फुलं आणि दूध मागायचं नाही. बसायला कातडं द्यायचं नाही, शेगडीला कोळसा द्यायचा नाही. मिठाच्या खणाईवर राजाचा हक्क नाही. वेठबिगार नाही. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर तो दान घेणाऱ्याचा. ही माफी आहे. म्हणजे ज्या गावांना माफी नव्हती, त्यांना यातलं सगळं द्यावं लागत होतं. राजाचा माणूस थंडीच्या रात्री गावात मुक्काम करतो, त्याला बसायला कातडं हवं, शेकायला कोळसा हवा, सकाळी दूध हवं. एका ओळीत किती त्रास साठला आहे! अक्षरंही बघण्यासारखी. वाकाटकांच्या लिपीत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक चिमुकली चौकट असते, पेटीसारखी. तज्ज्ञ तिला पेटिकाशीर्षक म्हणतात. मला ओळीनं निघालेल्या, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया दिसतात.

आणि मग रामटेक. गडावर राममंदिराकडे जाणाऱ्या गर्दीत केवल नरसिंहाच्या देवळाकडे वळणारी माणसं थोडी असतात. लाल दगडाचा धिप्पाड नरसिंह, गुडघा उभा करून बसलेला. या देवळाच्या भिंतीवर चुन्याचे थर चढत गेले होते. १९८२-८३ च्या सुमारास दुरुस्तीच्या कामात ते थर निघाले आणि खालून संस्कृत शिलालेख बाहेर आला, झिजलेला, तुटका. अभ्यासकांनी जे जुळवलं त्यावरून दिसतं ते असं: प्रभावतीगुप्ता गेल्यावर तिच्या मुलीनं आईच्या स्मरणार्थ देऊळ उभारलं आणि तिथल्या देवाला नाव दिलं प्रभावतीस्वामी. देवाच्या नावात आईचं नाव. कित्येक पिढ्या पुजाऱ्यांनी त्याच भिंतीला टेकून पाणी प्यायलं असेल, आणि हात चुन्यावर फिरला असेल.

त्याच गडावर वराहाची मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून पलीकडे सरकता आलं की पाप गेलं, अशी आपली जुनी श्रद्धा. जाड माणसं अडकतात, पोरं सुळकन निघून जातात, आणि वराहाचा दगड त्या घासण्यानं गुळगुळीत झाला आहे. हा वराहही वाकाटकांच्या काळातलाच. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीच्या मूर्तीला रामटेकची पोरं आजही रोज अंग घासून जातात. काचेच्या पेटीतल्या मूर्तीला हे भाग्य कुठून येणार?

जायचं असेल तर हिवाळ्यात सकाळी लवकर निघा. आधी मनसर. हिडिंबा टेकडीवर चढून पूर्वेकडे तोंड केलं की पाच-सहा किलोमीटरवर रामगिरी, म्हणजे रामटेकचा गड, धुक्यातून वर येताना दिसतो, आणि राजानं देवळाची जागा इथेच का निवडली असेल हे कुणी न सांगता कळतं. खाली उतरताना भिंतीतली एखादी वीट नीट बघा. आपल्या आजच्या विटेपेक्षा कितीतरी लांब आणि रुंद. मातीत भाताचा कोंडा कालवून वीट पाडायची जुनी रीत. भट्टीत कोंडा जळून जातो, वीट हलकी होते, आणि जिथे कपची उडाली असेल तिथे दाण्याच्या टरफलाएवढे पोकळ ठसे राहिलेले असतात. बोटाचं टोक लावून बघा. तो भात इथल्याच कुठल्यातरी बांधीत पिकला होता.